जुनं धातूचं भांडं आंबवणीला घेण्याआधी

काजूचा हंगाम तोंडावर आला किंवा जांभळं गळायला लागली की तोच प्रश्न कानावर येतो: "भंगारातून एक पिंप आणलंय, कशाने धुवू?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर चौथा. त्याआधी तीन प्रश्न आहेत. त्या पिंपात पूर्वी काय होतं? ते कुठल्या धातूचं आहे? त्याचे सांधे, तोटी, झाकण कशाचं आहे? या तीनांत नापास झालेलं भांडं कितीही घासा, पास होत नाही. धुण्याने घाण जाते, धातू बदलत नाही.

पुढची सगळी माहिती घरची बिअर, फळांची वाइन, काजूचा निरो (बोंडांचा रस) आणि सुरेचा (माडाच्या ताडीचा) विनेगर यांना धरून आहे. परवान्याचं मात्र स्वतः पाहा. गोव्यात दारू तयार करणं १९६४च्या अबकारी कायद्याखाली येतं. परवान्याशिवाय काढलेली भाटी (दारू गाळण्याची भट्टी) घरच्या परसात असली म्हणून घरगुती ठरत नाही. आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात चौकशी करूनच पुढे जा.

## सुरुवातीला: किती आंबट, किती वेळ

भांडं चालेल की नाही, हे या दोन गोष्टींवर ठरतं. पीएचचा आकडा जितका खाली, तितका द्रव आंबट आणि तितका तो धातू खाणारा. उकळायला ठेवलेला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) काढा साधारण ५ ते ५.५ वर असतो. तयार बिअर ४ ते ४.५ वर उतरते. जांभूळ, करवंद, कोकम यांची वाइन ३ ते ३.८च्या घरात, तर विनेगर ३च्या खाली.

आता वेळ. काढा तासभर उकळतो. आंबवण आठ-पंधरा दिवस चालते. साठवण महिनोन्‌महिने असते. म्हणून एकच टोप उकळायला उत्तम, आंबवायला बेताचा आणि साठवायला घातक असू शकतो. "हे भांडं चांगलं का?" असं विचारू नका. "हे भांडं कुठल्या कामाला चांगलं?" असं विचारा.

## टप्पा १: पिंपाचा आधीचा धंदा शोधा

जुनी पिंपं आपल्याकडे कुठून येतात ते पाहा. वेर्णा, कुंडई, पिळर्ण अशा औद्योगिक वसाहतींमधून रसायनांची येतात. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून डिझेल आणि इंजिन ऑइलची. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातून वंगणाची. बागायतदारांच्या कोठीतून कीटकनाशकांची. आणि थोडीच, हॉटेलांच्या किंवा बेकऱ्यांच्या मागच्या दारातून, खाण्याच्या मालाची. भंगारवाल्याकडे सगळी एकाच ढिगात उभी असतात, आणि बाहेरून रंग मारला की सगळी सारखी दिसतात.

काय करायचं ते क्रमाने:

१. विकणाऱ्याला माल कुठून उचलला ते विचारा. "धुतलेलंच आहे" हे उत्तर नव्हे.

२. पिंपावर चिकटवलेलं किंवा छापलेलं लेबल शोधा. ते खरवडून काढलेलं असेल तर तेच पुरेसं उत्तर आहे. चौकोन टोकावर उभा केलेली धोक्याची खूण, कवटी, ज्योत, मेलेला मासा यांपैकी काहीही दिसलं तर पिंप तिथेच सोडा.

३. लोखंडी पिंपावर ठोकलेले १ए१ किंवा १ए२ असे युनोचे (संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीचे) शिक्के असतात. पहिला बंद माथ्याच्या पिंपाचा, दुसरा उघडणाऱ्या माथ्याच्या पिंपाचा. आत काय होतं ते या शिक्क्यांवरून कळत नाही. "युनोचा शिक्का आहे म्हणजे सुरक्षित" ही समजूत चुकीची आहे. उलट, हा शिक्का धोकादायक माल वाहण्यासाठी तपासलेल्या पिंपावर असतो.

४. झाकण लावून पिंप तासभर उन्हात ठेवा. मग झाकण काढून बाजूला उभं राहा आणि हाताने वारा घेत वास घ्या. तोंड आत घालून हुंगू नका. रॉकेल, थिनर, फिनेल, कडू बदाम, कुजकट लसूण असा कुठलाही वास आला तर विषय संपला.

नियम कडक आहे: पूर्वी काय होतं ते खात्रीने कळलं नाही, तर भांडं घ्यायचं नाही. रंग, रेझिन, शीतकरण द्रव, कीटकनाशक, डिझेल यांचे अंश सांध्यांच्या दुमडीत आणि रबरी कड्यात बसतात. तिथे ना ब्रश पोचतो, ना सोडा.

इशारा. माथा कापून टाकी करायची म्हणून गॅस कटर किंवा ग्राइंडर लावण्याचा मोह आवरा. ज्वालाग्राही द्रव संपला तरी त्याची वाफ आत राहते. रिकामं दिसणारं पिंप भरलेल्यापेक्षा जास्त सहज स्फोट पावतं. गल्लीतला वेल्डर "काही होत नाही" म्हणाला, तरी त्याच्याही जिवाचा प्रश्न आहे.

बिअरच्या स्टीलच्या केगबद्दल वेगळं सांगायला हवं. केगचं स्टील सहसा उत्तम असतं, म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. पण केग कंपनीचा असतो. डिपॉझिट भरून आणला म्हणजे विकत घेतला असं होत नाही. कंपनीने मोडीत काढून रीतसर विकलेलाच घ्या. दुसरं, केगच्या तोंडात स्प्रिंगवर बसवलेली लांब नळी असते. आत दाब असताना तिची कडी काढली तर ती सुसाट वर येते. यात माणसं दगावलेली आहेत. आधी झडप दाबून सगळा वायू सोडायचा. फुसफुस थांबली तरी पुन्हा एकदा दाबून पाहायचं. कडी काढताना डोकं नळीच्या रेषेत आणायचं नाही.

## टप्पा २: धातू ओळखा

एक लोहचुंबक, एक सुरी आणि एक विजेरी एवढं सामान लागतं.

स्टेनलेस स्टील. आंबवणीला पहिली पसंती हीच. पण "स्टील" या नावाखाली बरंच काही खपतं. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६मध्ये मॉलिब्डेनमही असतं, म्हणून ते मीठ आणि आम्ल जास्त सोसतं. स्वस्त भांडी बऱ्याचदा २०० मालिकेची असतात. त्यांत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, आणि खारट हवेत ती लवकर डागाळतात.

चुंबकाच्या चाचणीवर लोकांचा नको इतका भरवसा आहे. चुंबक घट्ट चिकटला तर ते ३०४ नाही, एवढं साधारण कळतं. चिकटला नाही तर ते ३०४ आहे असं मात्र सिद्ध होत नाही, कारण २०० मालिकेतल्या २०२लाही तो चिकटत नाही. शिवाय ठोकून वाकवलेल्या कडांना ३०४वरही थोडा चिकटतो. ग्रेड कोरलेला असेल तर उत्तम. नसेल तर भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे मँगनीज ओळखणारा थेंबांचा संच असतो. त्याच्याकडून एक थेंब टाकून घ्या, मिनिटभराचं काम आहे.

माझं मत: ग्रेड कळला नाही पण भांडं गुळगुळीत आणि बिनडागाचं असेल, तर आठ-दहा दिवसांच्या आंबवणीला वापरा, साठवणीला नको. विनेगरला तर नकोच. विनेगर काचेत ठेवा, नाहीतर ३१६मध्ये.

अ‍ॅल्युमिनियम. दुधाचे जुने ४० लिटरचे कॅन आणि लग्नाच्या जेवणाचे मोठे टोप. माल्टचा काढा तासभर उकळायला अ‍ॅल्युमिनियम चालतं. आंबट फळांची आंबवण त्यात नको: आम्ल त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर खातं आणि चवीला धातू लागतो. हिंडालियमच्या भांड्यांबाबत जास्त सावध राहा. मोडीच्या मिश्र धातूतून ओतलेल्या भांड्यांत शिसं सापडतं. अशा काही भांड्यांतून शिसं अन्नात उतरतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५मध्ये दिला होता. जाड, खडबडीत, ओतीव आणि कुठलीच छाप नसलेलं भांडं आंबवणीतून बाद.

तांबं आणि पितळ. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही वाइनला तांब्याचा हंडा "शुद्ध" म्हणून निवडला जातो, याचं नवल वाटतं. पीएच ६च्या खाली गेला की तांबं विरघळायला लागतं. आंबवण तर पूर्णच त्याच्या खाली असते. जास्त तांबं पोटात गेलं की मळमळ, उलट्या, पोटात कळा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. आंबट द्रव तांब्यात राहिला तर ती ओलांडायला फार दिवस लागत नाहीत. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, आणि सहज कातता यावं म्हणून तोट्यांच्या पितळेत शिसंही घालतात.

मग भाटीला तांब्याचं भाण (गाळण्याचं भांडं) कसं चालतं? तिथे काम वेगळं आहे. निरो त्यात मुरत नाही, तापतो आणि वाफ होऊन निघून जातो. निरोतला गंधकाचा उग्र वासही तांबं स्वतःकडे ओढून घेतं. पण दोन हंगामांमध्ये भाणात धरलेला हिरवा थर न काढता पहिली भाटी लावणं चूक आहे. आणि वाफेच्या नळीचा एखादा सांधा शिशाच्या सोल्डरने जोडलेला असेल, तर ते भाण आधी दुरुस्तीला जाऊ द्या.

कल्हई केली तर? आमटीला ठीक. आंबवणीचं आम्ल काही दिवसांत पातळ कल्हईतून खाली तांब्यापर्यंत जातं. शिवाय कल्हईत कथलाऐवजी स्वस्तातलं शिसं मिसळणारेही आहेत. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर ऐकू येते. करून घ्यायचीच असेल तर एवढं आधी ऐका. आंबवणीसाठी मात्र कल्हईचं भांडं धरू नका.

जस्ताचा पत्रा. जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची बादली, टाकी, पाइप. अंगावर फुलाफुलांची राखाडी नक्षी असते, जुनी झाली की पांढरी पूड धरते. हे पूर्ण बाद, एका रात्रीसाठीसुद्धा. आम्ल जस्त विरघळवतं आणि त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे येतात. गंमत अशी की "बघ, काय जोरात आंबतंय" म्हणून लोक खूश होतात. नंतर उलट्या झाल्या की दोष काजूला.

साधं लोखंड. लोखंड त्या मानाने कमी विषारी, पण द्रवाची वाट लावतं. जांभळात आणि काजूच्या बोंडांत टॅनिन भरपूर असतं. त्याला लोखंड मिळालं की रंग शाईसारखा निळा-काळा होतो. निरो दोन दिवसांत काळवंडला, तर पिंपाचा आतला थर कुठेतरी गेलेला आहे असं समजा. काही पिंपांना आतून सोनेरी किंवा तपकिरी लाखेचा थर असतो. तो पूर्वीच्या मालासाठी दिलेला होता. अल्कोहोल आणि आम्ल तो सोसेल असं धरून चालू नका.

तेलाचे १५ किलोचे डबे. कथलाचा पातळ मुलामा, खाली लोखंड, दुमडलेले सांधे आणि त्यात अडकलेलं खवट तेल. बाद.

एनॅमल. एकही टवका उडालेला नसेल तरच, आणि तेही उकळण्यापुरतं. आतून लाल, पिवळा, नारिंगी असेल तर नको. जुन्या भडक रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं.

पडताळा. इथवर आल्यावर हातात बहुधा एकच चीज उरते: खाण्याच्या मालाचा इतिहास असलेलं स्टेनलेस भांडं. बाकी सगळं फार तर उकळण्यापुरतं. हे ऐकून निराश झालात तर नवीन भांड्याची किंमत विचारा. जुन्याची दुरुस्ती, सामान आणि तुमचा वेळ मिळवून फरक वाटतो तेवढा मोठा राहत नाही.

## टप्पा ३: सांधे, खड्डे, तोटी

भांडं उन्हात नको, अंधाऱ्या खोलीत तपासा. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरा, म्हणजे लहान खड्डाही सावली टाकतो.

डाग आणि खड्डा यांत फरक करायला शिका. वरवरचा तांबूस डाग बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या लोखंडाच्या कणांचा असतो. कोणीतरी तारेच्या घासणीने घासलेलं असतं. तो धुऊन जातो. नख अडकतं असा काळा ठिपका म्हणजे क्षारांनी पाडलेला खड्डा. किनाऱ्याजवळच्या घरांत वापरलेल्या भांड्यांत हे फार. खड्ड्यात जंतू राहतात, आणि तो आतून वाढत जातो. तळाला दोन-तीन खड्डे दिसले तर आंबवणीतून भांडं रद्द करा.

वेल्डच्या रेषेजवळ निळा-जांभळा-सोनेरी पट्टा दिसतो, तिथे स्टीलचा संरक्षक थर जळालेला असतो. गंजाची सुरुवात तिथूनच होते. सायट्रिक अ‍ॅसिडने तो पट्टा जात नाही. बारीक पॉलिश करून किंवा वेल्डरकडच्या पिकलिंग पेस्टने काढून घ्यावा लागतो. ती पेस्ट अत्यंत दाहक असते, घरी हात लावू नका. त्याच्याकडूनच करून घ्या.

मऊ, करड्या रंगाचा, थेंबांनी ओघळल्यासारखा सांधा दिसला तर सुरीचं टोक लावा. सहज ओरखडा उठला आणि खाली चकाकी दिसली, तर ते सोल्डर आहे. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं. यावर कुठलाही लेप लावून भागत नाही.

मग तोटी. स्टीलच्या उत्तम टाकीला पितळेचा नळ बसवलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शक्य असेल तर स्टीलचा बसवा. पितळेचाच ठेवायचा असेल तर त्याच्या पृष्ठभागावरचं शिसं काढता येतं: दोन भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात सुटा केलेला नळ पाच-दहा मिनिटं. रंग लोण्यासारखा पिवळसर झाला की बाहेर काढून धुवा. द्रव हिरवा व्हायला लागला तर उशीर झाला, आता तांबं विरघळतंय. नळाला नंतर घासू किंवा कानसू नका, नाहीतर खालचं शिसं पुन्हा वर येईल. रबरी कडी आणि वायसर जुने ठेवूच नका. ते वास धरतात, आणि नवे चार पैशांत मिळतात.

## टप्पा ४: आता धुवा

क्रम असा: आधी तेलकटपणा, मग क्षार, मग गंजाचे कण, शेवटी पाणी. उलट केलंत तर तेलाच्या थराखाली आम्ल पोचतच नाही.

१. कोमट पाण्याने चिखल-गाळ काढा. काथ्या किंवा नायलॉनची घासणी वापरा. तारेची घासणी आणि वाळू नको.

२. लिटरभर गरम पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. भांडं भरून किंवा फिरवून अर्धा तास ठेवा, घासा, धुवा. पाणी भिंतीवरून सलग पडद्यासारखं उतरलं तर तेल गेलं. थेंब-थेंब तुटलं तर पुन्हा सोडा.

३. मग सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला २० ग्रॅम. पांढरा चुन्यासारखा थर आणि बिअरचा खरपुडा यानेच सुटतो.

४. स्टीलचा संरक्षक थर नव्याने बसायला हवा असेल तर हेच अ‍ॅसिड जास्त तीव्र करा: लिटरला ४० ते १०० ग्रॅम, २० मिनिटं. पाणी २१ ते ४९ अंशांत असलं की पुरे. आपल्याकडे नळाचं पाणी बहुतेक दिवस त्यातच बसतं, गॅस पेटवायची गरज नाही.

५. भरपूर पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा आणि झाकण न लावता हवेत ठेवा. स्टीलचा थर हवेतल्या ऑक्सिजननेच बसतो.

शेवटच्या पाण्याकडे दुर्लक्ष होतं. जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं, खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीजवळच्या) विहिरीत मीठ. अशा पाण्याने शेवटचं धुणं करून भांडं तसंच वाळत घातलं, तर मिठाचे थेंब जिथे सुकतात तिथेच खड्डे पडतात. नळाचं किंवा उकळून गार केलेलं पावसाचं पाणी घ्या, आणि पुसायला विसरू नका.

इशारा. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच स्टीलला लावू नका, क्लोरीन खड्डे पाडतं. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. बाथरूमसारख्या कोंडलेल्या जागेत हे जिवावर बेतू शकतं.

इशारा. अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक चालत नाही. तो धातूच खातो आणि हायड्रोजन निघतो. अ‍ॅल्युमिनियमचा टोप साध्या साबणाने धुवा, मग त्यात साधं पाणी तासभर उकळा. आतून मळकट करडा रंग येईल. तोच हवा आहे. तो घासून चकचकीत करणं म्हणजे केलेलं काम मातीत घालणं.

चिंच आणि मीठ तांब्याला छान. स्टीलला मात्र मीठ लावून ठेवू नका.

## टप्पा ५: आंबट पाण्याची रात्र

सगळे हीच पायरी गाळतात. लिटरला ५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घाला. हे पाणी तुमच्या वाइनपेक्षाही आंबट होतं, म्हणजे परीक्षा कडक. तळ, सांधा आणि तोटी बुडेल एवढं भरा आणि २४ तास ठेवा. त्याच पाण्याची एक काचेची बाटली तुलनेसाठी बाजूला ठेवा. पिंप उंच असेल तर आडवं करून दुसऱ्या बाजूचीही परीक्षा घ्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाणी पांढऱ्या बशीत शेजारी-शेजारी ओता. चाखू नका.

पिवळसर-तांबूस दिसलं तर लोखंड उघडं आहे. हिरवट-निळसर दिसलं तर कुठेतरी तांबं किंवा पितळ आहे, बहुधा तोटीत. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, पांढरट गढूळपणा असेल तर जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम. तेलाचा तवंग किंवा वास आला तर टप्पा १ला परत जा, आणि बहुधा भंगारातही. दोन्ही बशा सारख्या दिसल्या तर भांडं पुढे न्या.

ही चाचणी शिसं दाखवत नाही. शिसं दिसत नाही, वास देत नाही, आणि त्याच्या क्षारांची चव गोडसर असते, म्हणून जीभही सावध करत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५००ची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. डोळ्याला दिसण्याच्या फार खालची. सोल्डर, ओतीव मिश्रधातू किंवा पितळ यांबद्दल शंका असेल तर हेच २४ तासांचं पाणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या आणि शिसं, कॅडमियम, तांबं यांची चाचणी मागा. त्याच्या खर्चात नवा टोप येत असेल तर नवा टोपच घ्या.

## टप्पा ६: जंतू मारणं

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत. मळलेल्या भांड्यात ओतलेलं औषध मळच खातो.

लहान भांड्याला उकळतं पाणी पुरतं. मोठ्याला सरबतवाले वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे बाजारातलं केएमएस: लिटरला २ ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड. फिरवा, दहा मिनिटं ठेवा, ओतून द्या, उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. खिडकी उघडी असू द्या. त्याचा वायू दमेकऱ्यांना त्रास देतो. हे द्रावण रात्रभर स्टीलमध्ये ठेवू नका, आणि अ‍ॅल्युमिनियम किंवा तांब्यात घालूच नका.

## टप्पा ७: भरताना

भांडं चार बोटं नव्हे, पाव भाग रिकामं ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात यीस्ट चेकाळतं आणि फेस वर येतो.

धातूच्या पिंपाला पक्कं झाकण असतं, आणि तोच त्याचा धोका. किलोभर साखर पूर्ण आंबली की अडीचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. झाकणाची कडी घट्ट आवळलेलं पिंप म्हणजे दाबपात्र. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची तोटी) बसवा, किंवा झाकणाच्या भोकातून नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडा. पहिले दोन-तीन दिवस स्वच्छ कापड बांधूनही चालतं. नळी गराने तुंबली नाही ना, ते सकाळ-संध्याकाळ पाहा.

हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो. बंद कोठीत मोठी आंबवण ठेवू नका. रिकामं केलेलं पिंप घासायला डोकं आत घालू नका. आधी आडवं करून वारा लागू द्या.

जोर ओसरला की द्रव काचेच्या बरणीत काढा. गाळावर, धातूत, "अजून थोडं मुरू दे" म्हणून ठेवलेली वाइनच सर्वांत जास्त धातू उचलते.

पडताळा. पहिला घोट घेण्याआधी रंग पाहा, वास घ्या. शाईसारखा काळा रंग, हिरवट कडा किंवा पहिल्या घोटाला नाणं चाटल्यासारखी चव यांपैकी काहीही असेल तर सगळं ओतून द्या. गाळून किंवा साखर घालून धातू निघत नाही, आणि भाटीला लावून वाचवू असा विचारही नको. पिऊन कोणाला उलट्या किंवा पोटात कळा सुरू झाल्या तर १०८ला फोन करा, आणि त्या द्रवाची बाटली सोबत न्या. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

## टप्पा ८: पावसाळ्यात ठेवणं आणि बाद झालेलं टाकणं

जून ते सप्टेंबर बंद झाकणाखाली ओल साठते. भांडं पूर्ण सुकवा, फळीवर किंवा विटांवर उचलून ठेवा, झाकण वेगळं ठेवा, तोंडाला कापड बांधा. तोटी सुटी करून आतला गर काढा. ती जोडलेलीच ठेवली तर पुढच्या हंगामाचं विरजण तिथेच तयार असतं. नव्या हंगामात पुन्हा टप्पा ३ आणि ५ करा. धुतलेलं होतं म्हणून सवलत नाही.

नापास झालेली भांडी फेकायचीही रीत आहे. खाण्याच्या मालाची पण गंजलेली असतील तर झाडांना, पाणी साठवायला चालतील. रसायनांची पिंपं भाजीच्या वाफ्यालाही नकोत. कीटकनाशकाचा डबा तीनदा धुवा, धुतलेलं पाणी विहिरीपासून लांब, फवारणीच्या टाकीतच घाला, आणि भंगारात देण्याआधी तळाला पहारीने दोन भोकं पाडा. भोक नसलं तर तोच डबा रंग मारून पुन्हा म्हापशाच्या बाजारात कुणाच्या तरी हातात येतो.